कातडं, कोथळा आणि ऊन : मटणाविषयी वाचकांचे प्रश्न

चैत्र-वैशाखात सातारा-सांगलीकडे एक गाव असं नसतं जिथे जत्रेला बोकड पडत नाही. त्यामुळे या महिन्याच्या सदरात कापलेल्या जनावराच्या स्वच्छतेविषयी आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. एक पत्र स्कॉटलंडमधल्या हरणांबद्दलचं आहे. तेही मुद्दाम घेतलं, कारण आपल्या बोकडाला लागू पडेल असं त्यात बरंच आहे.

आमच्या भावकीत जत्रेला दोन बोकडं कापतात. बोकड आदल्या दिवशी बाजारातून आणलेला, चांगला तीस किलोचा. सकाळी सातला कापला, तरी दुपारी दोनला पातेल्यात टाकताना मटणाला आंबूस वास येतो आणि हाताला बुळबुळीत लागतं. खाटीक जुना-जाणता आहे. मग चुकतं कुठे?
— एक वाचक, माण

चूक खाटकाच्या सुऱ्याच्या आधीच सुरू होते. बाजारात दिवसभर उन्हात उभा राहिलेला, मग टेंपोत दाटीवाटीने आलेला बोकड दमलेला आणि घाबरलेला असतो. त्याच्या स्नायूंतली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपत आलेली असते. एरवी जनावर कापल्यावर याच साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि मांसाचा सामू ७ वरून हळूहळू ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो. माती परीक्षणात जो सामू तुम्ही बघता, तोच हा. एवढ्या आंबटपणात जंतू सावकाश वाढतात. दमलेल्या जनावरात साखरच नसल्याने सामू ६ च्या वर अडकतो. मांस काळपट, चिकट दिसतं आणि लवकर नासतं. म्हणून बोकड निदान एक दिवस आधी आणून सावलीत बांधा. पाणी भरपूर द्या. कापण्याआधी बारा तास चारा बंद ठेवा, पाणी मात्र बंद करू नका. कोथळा रिकामा असला की फुटण्याचं भय निम्मं होतं. २००१ च्या कत्तलखाना नियमांतही जनावराला २४ तास विश्रांती सांगितली आहे. गाभण मादी, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू आणि तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू अंगावर असलेली मादी कापू नये, एका जनावरासमोर दुसरं कापू नये, हेही तिथेच आहे.

आता कापल्यानंतरचं. निरोगी जनावराचं मांस आतून जवळपास निर्जंतुक असतं. घाण येते ती कातड्यावरून, कोथळ्यातून आणि माणसाच्या हातातून. म्हणून जनावर उसाच्या पाचटावर किंवा ताडपत्रीवर आडवं टाकून सोलणं बंद करा. मागच्या दोन्ही पायांच्या घोट्यामागच्या शिरेतून आकडा घालून आडव्या पाइपाला टांगा, डोकं जमिनीपासून हातभर वर राहील असं. पाच-सहा मिनिटं रक्त पूर्ण गळू द्या. तीस किलोच्या बोकडातून लिटरभर किंवा थोडं जास्त रक्त निघतं. ते आत राहिलं तर मांस लवकर खराब होतं.

सोलताना कातड्याला छेद आतून बाहेर द्यायचा. म्हणजे पातं कातड्याखाली सरकवून धार वर, केसांकडे. बाहेरून आत कापलं की प्रत्येक छेदात केस आणि लेंड्यांचा चुरा मांसात जातो. एक हात कातड्याचा, एक हात मांसाचा, अशी वाटणी शेवटपर्यंत पाळा. कातडं ओढणाऱ्या हाताने मांसाला शिवायचं नाही. एकदा पोटाकडे वाट झाली की सुरी ठेवून मुठीने कातडं सोडवा, तेवढे कापे कमी पडतात. कातडं सुटताना त्याची केसाळ बाजू आत वळून मांसाला चिकटू देऊ नका.

मग गळ्याची अन्ननळी मोकळी करून सुतळीने गच्च बांधा. मागे गुदद्वाराभोवती गोल छेद घेऊन ते सोडवा, त्यावर स्वच्छ पिशवी चढवून तेही बांधा. ही दोन गाठींची कामं बहुतेक जण टाळतात आणि नेमकी तिथूनच घाण धडावर उतरते. पोट उघडताना सुरीची मूठ पोटात आणि पातं बाहेर ठेवा, पात्यामागे दोन बोटं लावून कोथळा मागे दाबून धरा. कोथळा आणि आतडी एकत्र, न फाडता, खालच्या घमेल्यात उतरवा. पित्ताची पिशवी कलेजीपासून वेगळी करताना तिचा देठ चिमटीत धरूनच कापा. जनावर पडल्यापासून अर्ध्या तासात पोट रिकामं झालं पाहिजे. उशीर झाला की कोथळ्यात वायू धरतो, आणि फुगलेला कोथळा सुरीचं टोक लागताच फुटतो.

राहिलं ऊन. वैशाखात ३८-४० अंशांत सात तास मांस उघडं ठेवणं म्हणजे जंतूंना शेकोटी देणं आहे. अशा उष्णतेत काही जंतू वीस मिनिटांना दुप्पट होतात. दोनचं जेवण असेल तर बोकड दहाला पाडा आणि अकरा-साडेअकराला मटण चुलीवर चढवा. सातला कापायचाच असेल तर धड सावलीत, वारा लागेल असं, मलमलीच्या कापडाआड टांगा. दोन तासांत शिजवायला घ्या, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. तुकडे करून पातेल्यात झाकून ठेवण्यापेक्षा अख्खं धड टांगलेलं कधीही बरं, कारण प्रत्येक नव्या कापाबरोबर जंतूंना नवी ओली जागा मिळते.

आम्ही सोललेलं धड पाइप लावून खळखळून धुतो. तरी धाकटी जाऊ म्हणते, धुऊ नका. कोणाचं खरं?
— एक वाचिका, कराड

जाऊबाईंचं. लेंडीचा एक ठिपका मांडीवर लागला असेल तर पाण्याने तो निघून जात नाही, तो पसरतो. एक ठिपका होता तिथे अख्ख्या धडावर पातळ थर बसतो आणि वर मांस ओलं राहतं. ओल्या मांसावर जंतू झपाट्याने वाढतात. कोरडं धड, ज्यावर वाऱ्याने पातळ पापुद्रा धरलाय, ते टिकतं. म्हणून डाग दिसला की त्या जागेभोवतीचं दोन-तीन सेंटीमीटर मांस स्वच्छ सुरीने कापून टाका. केस चिकटला असेल तर तसाच चिमटीने उचला. फडक्याने पुसणं तर नकोच. एकच फडकं दोन बोकडांवर फिरतं आणि दुसराही बाटतो.

कोथळा फुटून घाण आतल्या पोकळीत पडलीच तर ज्या पडद्यांना, चरबीला ती लागली ते काढून टाका. मगच थोडं पिण्याचं पाणी वापरा आणि लगेच टांगून निथळू द्या. विहिरीचं, ओढ्याचं पाणी नको.

सुऱ्यांबद्दल पत्रात काही नाही, पण सांगायलाच हवं. दोन सुऱ्या ठेवा. एक कामात, दुसरी शेजारी चुलीवरच्या उकळत्या पाण्यात. कातड्याचं काम झालं की बदला, कोथळ्याचं झालं की बदला. चिंचेच्या लाकडाचा ओंडका वापरत असाल तर काम झाल्यावर सुरीच्या पाठीने खरवडा, मीठ चोळा, धुऊन उन्हात वाळवा. त्याच्या भेगांत कालचं मांस राहतं. भांडी आणि आकडे यांना १० लिटर पाण्यात साधारण ७ ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर पुरते. हे पाणी भांड्यांसाठी आहे, मांसासाठी नाही.

मेंढरू कापलं की कधीकधी कलेजीवर आणि फुप्फुसावर पाण्याने भरलेले पांढरे फुगे दिसतात, लिंबाएवढे. खाटीक तेवढा भाग काढून कुत्र्याला टाकतो. बाकीचं मटण खाल्लं तर चालतं का?
— एक वाचक, जत

बाकीचं मटण चालतं. पण कुत्र्याला टाकलेला तो तुकडा हाच या पत्रातला सगळ्यात धोक्याचा भाग आहे.

ते फुगे म्हणजे हायडॅटिड, एका छोट्या पट्टकृमीच्या अळीच्या गाठी. हा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, अवघा काही मिलिमीटर लांब. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर येतात. मेंढरं ती खातात, त्यांच्या कलेजीत आणि फुप्फुसात फुगा वाढतो. तो फुगा कुत्र्याने खाल्ला की चक्र पूर्ण. कळप, राखणीचं कुत्रं आणि वाड्यावरच माणसं असा जिथे संसार आहे, तिथे हे चक्र सहज चालतं. माण, खटाव, आटपाडी, जत या मेंढरांच्या पट्ट्यात म्हणून जास्त जपायचं.

माणसाला हा रोग मटण खाऊन होत नाही. तो कुत्र्याच्या अंगावरचं अंडं हाताला, भाकरीला लागून तोंडात गेल्याने होतो. पोरं कुत्र्याच्या गळ्यात पडतात आणि तशीच जेवायला बसतात, तिथे. माणसाच्या यकृतात हा फुगा वर्षानुवर्षं काही न जाणवता वाढतो आणि शेवटी शस्त्रक्रियेवर येतं. म्हणून कळकळीने सांगतो, फुग्याची कलेजी किंवा फुप्फुस कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. फुगा कुतूहलाने टोचूही नका. तो अवयव अख्खा काढून अर्धा तास खळखळ उकळा, किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही असा हातभरापेक्षा खोल पुरून वर दगड ठेवा. कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे घ्या. जिथे रोग सतत दिसतो तिथे ते दर सहा आठवड्यांनी द्यावं लागतं.

कलेजी बघण्याची सवयच लावून घ्या. चांगली कलेजी तांबूस-तपकिरी, गुळगुळीत, कडेला धारदार असते. कापल्यावर नळ्या जाड, कडक लागल्या किंवा त्यांतून पानासारखे चपटे किडे निघाले तर तो यकृतकृमी. पाणथळ, कॅनॉलच्या बाजूच्या चराईत तो जास्त मिळतो. कलेजी टाका, मटण ठेवा. पिवळट-पांढऱ्या, कापल्यावर दह्यासारखा पू निघणाऱ्या गाठी एकदोन ठिकाणी असतील तर तो भाग काढावा. सगळ्या अंगात असतील तर धड खाण्यात आणू नये, पशुवैद्याला दाखवावं.

सोलायला सोपं जावं म्हणून पायाच्या कातड्याला भोक पाडून तोंडाने फुंकतात. योग्य आहे का?
— एक वाचक, तासगाव

नाही. फुंकणाऱ्याचा खोकला, क्षय, तोंडातले जंतू थेट मांसावर जातात आणि जनावराच्या अंगावरचं काही असेल तर ते फुंकणाऱ्याच्या ओठांना लागतं. मेंढरांच्या तोंडावर मावा असेल तर त्याच्या पुळ्या माणसाच्या हातावरही उठतात. मुठीने सोलायला शिका, दोन मिनिटं जास्त जातील.

गोठ्यातली शेळी संध्याकाळपर्यंत धड होती, सकाळी मेलेली सापडली. नाकातून काळसर रक्त आलेलं. शेजारी म्हणाले, गरम आहे तोवर कापून घ्या.
— एक वाचक, कवठेमहांकाळ

कापू नका. सोलू नका. हलवूसुद्धा नका. अचानक मृत्यू आणि नाका-तोंडातून, मागच्या वाटेने न गोठणारं काळपट रक्त ही फाशी रोगाची खूण आहे. याचे जंतू बंद शरीरात कुजून मरतात, पण धड उघडून हवा लागली की त्यांचे बीजाणू बनतात आणि ते त्या जमिनीत कित्येक दशकं जिवंत राहतात. कापणाऱ्याच्या हातावर काळी, न दुखणारी पुळी येते, तिलाच काळपुळी म्हणतात. वेळेत उपचार नाही झाले तर जीव जातो. कुत्री, कावळे दूर ठेवा आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना बोलवा. रक्ताचा नमुना तेच घेतील आणि पुरण्याचं तेच सांगतील.

आणि हे फाशीपुरतंच नाही. आपणहून मेलेलं कुठलंही जनावर खाण्यासाठी घेऊ नये. ज्या जनावराला नुकतंच प्रतिजैविकाचं इंजेक्शन झालंय तेही नको. औषधाच्या वेष्टनावर मांसासाठी वर्ज्य दिवस लिहिलेले असतात, ते मोजा.

आमच्या भागात चांदोलीच्या बाजूने रात्री भेकरं, सांबरं रस्त्यावर येतात. गाडीखाली मेलेलं सांबर लोक वाटून घेतात. वाया घालवण्यापेक्षा खाल्लं तर काय बिघडलं?
— एक वाचक, शिराळा

दोन गोष्टी बिघडतात. पहिली कायद्याची. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे मेलेलं सापडलेलं वन्यप्राणीसुद्धा सरकारी मालमत्ता असतं. कोणाच्या ताब्यात आलं तर ४८ तासांत पोलिस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. मांस वाटणारा, घेणारा, शिजवणारा सगळे गुन्ह्यात येतात. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथलं सांबर हे वाघ-बिबट्याचं अन्न आहे, आपलं नव्हे. वनविभागाचा १९२६ हा मोफत क्रमांक फोनमध्ये ठेवा. जखमी प्राणी दिसला तरी तिथेच कळवा.

दुसरी गोष्ट मांसाची. गाडीच्या धडकेत कोथळा, आतडी आतल्या आत फुटतात, रक्त गळत नाही, आणि ते किती वाजता मेलं हे कोणालाच ठाऊक नसतं. अंगात ताप होता म्हणून ते गाडीसमोर आलं की काय, हेही कळत नाही. अशा मांसातला धोका मसाल्याने झाकला जातो, जात नाही.

माझा धाकटा भाऊ स्कॉटलंडमध्ये जंगली हरणांचं मांस तयार करणाऱ्या कारखान्यात लागलाय. तिथे हरीण शिकारीचं असतं म्हणतो. मग स्वच्छता कशी ठेवतात? आणि त्याने स्वतःला काय जपावं?
— एक वाचक, विटा

तिथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला कायद्याने शिकार चालते आणि मांस रीतसर बाजारात येतं. आपल्या बोकडापेक्षा अडचण मोठी आहे. जनावर डोंगरावर, गाडीरस्त्यापासून लांब पडतं, उपाशी ठेवण्याची सोय नाही, आणि कापण्याआधी डॉक्टरने बघण्याचीही नाही. म्हणून पहिली तपासणी शिकाऱ्याच्या डोळ्यांची. गोळी झाडण्याआधी हरीण लंगडत होतं का, कळपापासून वेगळं, सुस्त, रोडावलेलं होतं का, हे त्याने बघायचं. प्रशिक्षित शिकारी प्रत्येक धडाला चिठ्ठी लावतो: तारीख, वेळ, ठिकाण आणि काही वावगं दिसलं नाही असं निवेदन.

गोळी छातीत बसावी असा दंडक असतो. पोटात बसली तर कोथळ्यातली घाण मांसभर उडते आणि मोठा भाग फेकावा लागतो. रक्त काढून कोथळा-आतडी तिथेच डोंगरावर काढतात. अन्ननळी आणि गुदद्वार बांधायची पद्धत आपण वर सांगितली तीच. आतड्यांच्या पडद्यातल्या आणि घशामागच्या गाठी सुजलेल्या किंवा पू भरलेल्या दिसल्या तर क्षयाचा संशय. ब्रिटनमध्ये हरणातला क्षय सरकारला कळवावा लागतो.

एक फरक मात्र लक्षात घेण्यासारखा. कातडं काढत नाहीत. ओढत, गाडीत टाकत नेताना तेच आवरण होतं. थंड खोलीत हरणं कातड्यासकट, एकमेकांना न चिकटता, पोट काठीने उघडं ठेवून टांगतात, म्हणजे गार हवा आत फिरते. मांसाच्या गाभ्यापर्यंत तापमान ७ अंशांवर किंवा खाली आणावं लागतं. मांडीचा गाभा सगळ्यात शेवटी गार होतो, म्हणून तापमापीची सुई तिथे खुपसायची. कातडं कारखान्यातच निघतं, आणि सोललेली व न सोललेली धडं एका खोलीत ठेवत नाहीत. एवढं करूनही चूक होऊ शकते. २०१५ साली स्कॉटलंडमध्ये हरणाच्या मांसाशी जोडलेली ई. कोलाय ओ१५७ ची साथ झाली होती. हा जंतू हरणाच्या आतड्यात असतो, आणि थोड्या संख्येनेसुद्धा माणूस आजारी पडतो.

भावाला सांगा: हातावरची जखम झाकून दुहेरी हातमोजे, खालचा कापाला न जुमानणारा. कामानंतर काखा, जांघा, गुडघ्यामागे गोचीड बघायची. तिथल्या गोचिडींतून लाइम रोग होतो. गोळी लागलेल्या जागेभोवतीचं मांस सढळ हाताने काढायचं, कारण शिशाच्या गोळीचे बारीक कण डोळ्याला दिसतात त्याच्या पलीकडे गेलेले असतात.

जत्रेहून मुंबईला परतताना तीन-चार किलो मटण नेतो. रात्रीच्या गाडीने सकाळपर्यंत चांगलं राहील का?
— एक वाचक, खटाव

नेताना काय करता यावर आहे. ताजं कोमट मटण प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं की आतल्या आत उबतं, मधला भाग हिरवट आणि आंबट होतो. आधी तुकडे परातीत पातळ पसरून फ्रिजमध्ये पूर्ण गार करा, निदान पाच-सहा तास. कापल्या कापल्या फ्रीजरमध्येही टाकू नका. स्नायू आखडण्याआधी गोठवलेलं मटण शिजताना चिवट होतं. मग एकेक किलोच्या पिशव्या आणि तेवढ्याच वजनाचा बर्फ वेगळ्या बंद पिशवीत, थर्मोकोलच्या पेटीत वर-खाली. बर्फाचं पाणी मटणाला लागू देऊ नका. खताच्या धुतलेल्या गोणीत मटण भरलेलं पाहण्यात येतं. ती गोणी कितीही धुतली तरी अन्नासाठी नाही.

शिजवलेला रस्सा नेणार असाल तर मोठ्या डेगीत रात्रभर ठेवू नका. उकळूनही काही जंतूंचे बीजाणू उरतात आणि कोमट रश्श्यात झपाट्याने वाढतात. पसरट भांड्यांत वाटून दोन तासांत गार करा, फ्रिजमध्ये ठेवा, खाताना पुन्हा खळखळून उकळा.

मुंडी आणि पाय भाजायला टायरचा जाळ चांगला लागतो, केस पटकन जळतात. काही अपाय?
— एक वाचक, फलटण

टायरच्या धुरातली काजळी आणि विषारी द्रव्यं कातडीत मुरतात आणि धुऊन जात नाहीत. गवत, काटक्या किंवा गॅसची बंदूक वापरा. भाजून झाल्यावर सुरीने खरवडा, मग कोमट पाण्याने धुवा. मेंढीची मुंडी फोडताना नाकाच्या पोकळीत पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या नाकमाशीच्या असतात. तो भाग काढून टाका. मेंदूत पाण्याची पिशवी दिसली तर मात्र मेंदू खाऊ नका आणि कुत्र्यालाही देऊ नका. तिचं चक्र जतच्या पत्रातल्या फुग्यासारखंच कुत्र्यातून चालतं.